वेण्णेच्या गोट्यांखालचे वर्ष

वेण्णा ही महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणाऱ्या पाच नद्यांपैकी एक. लिंगमळ्याच्या धबधब्यावरून ती दरीत उतरते, केळघर आणि मेढा या गावांजवळून वाहत कण्हेर धरणाच्या जलाशयात शिरते आणि पुढे संगम माहुलीला कृष्णेला मिळते. धबधब्यापासून जलाशयापर्यंतचा तिचा पट्टा खऱ्या अर्थाने डोंगरी नदीचा आहे: बेसाल्टचे कातळ, त्यांवरून घरंगळत आलेले गोलसर गोटे, मधे मधे डोह आणि दोन डोहांमधले खळाळ. या पट्ट्यात तळावर राहणाऱ्या अपृष्ठवंशी प्राण्यांचा, म्हणजे मुख्यतः कीटकांच्या अळ्या व पिल्ले, गोगलगायी, खेकडे, कोळंबी आणि गांडुळांच्या जातकुळीतले कृमी यांचा, ऋतूंनुसार होणारा बदल नोंदवणे हे माझ्या संशोधनाचे काम होते.

विषय निवडण्यामागे ठोस कारण होते. नदीचे पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेले, तर बाटली भरली त्या वेळचे पाणी कसे होते एवढेच कळते. तळावरचे प्राणी मात्र कित्येक आठवडे, काही तर वर्षभर त्याच पाण्यात असतात. मधल्या काळात काही विपरीत घडून गेले असेल, तर त्याची खूण त्यांच्या असण्यानसण्यात राहते. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात याच आधारावर प्राण्यांच्या प्रत्येक कुळाला १ ते १० गुण (स्वच्छ पाण्यातल्या कुळांना जास्त, घाण सोसणाऱ्यांना कमी) देणारी 'बीएमडब्ल्यूपी' ही पद्धत ठरवली गेली. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही तळजीवांवर आधारित जैविक निकष तयार केले असून त्यांत पाण्याची पाच वर्गांत विभागणी होते. परंतु या पद्धती वापरण्याआधी एका प्रश्नाचा निकाल लागायला हवा: प्राणी कमी झाले ते पाणी बिघडले म्हणून, की पाऊस पडला म्हणून? महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा नदीत ऋतूचा परिणाम इतका मोठा असणार, की त्याच्याआड खरे प्रदूषण लपेल किंवा नसलेले प्रदूषण दिसू लागेल, ही शंका मनात घेऊनच मी कामाला लागले.

जागा निवडण्यात बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. तिन्ही जागा उताराने, पाण्याच्या वेगाने आणि गोट्यांच्या आकाराने शक्य तितक्या सारख्या असणे आवश्यक होते. नाहीतर ऋतूचा फरक मोजायला जावे आणि जागेचाच फरक मोजून यावे, असे झाले असते. पहिली जागा दरीच्या वरच्या अंगाला, जिथे काठावर जांभूळ, अंजनी आणि पिसा यांची सावली दाट आहे. दुसरी गावाच्या थोडी वर, एका बाजूला भाताची खाचरे आणि दुसऱ्या बाजूला झाडोरा असलेली. तिसरी जलाशयाच्या फुगवट्याच्या पुरेशी वर, उघड्या पात्रात, जिथे उन्हाला आडकाठी नाही. प्रत्येक जागी एक खळाळ, एक डोह आणि काठाची कचरा-पाचोळा साठणारी पट्टी असे तीन अधिवास ठरवले.

नमुना घेण्याचे मुख्य साधन होते सर्बर जाळी. सर्बर या अमेरिकी संशोधकाने १९३७ मध्ये ती मांडली आणि तिचे रूप आजही फारसे बदललेले नाही. एक चौरस फुटाची चौकट तळावर ठेवायची, तिला जोडलेली जाळीची पिशवी प्रवाहाच्या दिशेने मागे पसरते. चौकटीत येणारा एकेक गोटा उचलून पिशवीच्या तोंडाशी धरायचा, मऊ ब्रशने सगळ्या बाजूंनी घासायचा, मग बाजूला ठेवायचा. शेवटी खालची वाळू-खडी हाताने ढवळायची. सुटलेले प्राणी प्रवाहाबरोबर पिशवीत जातात. माझ्या जाळीची छिद्रे अर्ध्या मिलिमीटरची होती. याहून बारीक जाळी घेतली तर नुकतीच जन्मलेली पिल्लेही मिळतात, पण गाळाच्या दिवसांत ती लगेच तुंबते आणि पाणी पिशवीत न शिरता बाहेरूनच वळते. डोहात प्रवाह नसल्याने सर्बर चालत नाही. तिथे दांड्याची जाळी घेऊन ठरावीक वेळ पायाने तळ ढवळायचा. या दोन पद्धतींचे आकडे एकमेकांत मिसळायचे नाहीत, हे माझ्या मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच दिवशी बजावले होते.

नमुन्याबरोबरच पाण्याचे तापमान, विरघळलेला प्राणवायू, विद्युतवाहकता, खोली आणि वेग यांच्या नोंदी घ्यायच्या. वेगासाठी यंत्र नसेल तेव्हा लाकडाचा तुकडा सोडून मोजलेले अंतर तो किती सेकंदांत पार करतो ते पाहायचे. ही पद्धत साधी आहे, पण तीच व्यक्ती त्याच जागी वर्षभर ती वापरत असेल तर तुलनेला पुरेशी आहे. प्राणवायूची नोंद मात्र तापमानाशिवाय निरर्थक ठरते, कारण समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात सुमारे ७.५. म्हणजे एप्रिलच्या दुपारी प्राणवायू कमी भरला तर त्यातला काही भाग निव्वळ उन्हाचा असतो.

खरे कष्ट नदीबाहेरचे आहेत. पिशवीतला ऐवज पांढऱ्या ट्रेमध्ये ओतला की पहिल्यांदा फक्त पाने, काड्या आणि वाळू दिसते. मिनिटभर हात न लावता थांबले की वाळूचा एक कण चालू लागतो, काडीचे टोक आत ओढले जाते, पानाखालून काहीतरी सरपटत बाहेर येते. प्रत्येक प्राणी चिमट्याने उचलून ७० ते ८० टक्के अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी ठेवायची, कारण शाई अल्कोहोलमध्ये पुसते. एका चांगल्या हिवाळी नमुन्याची वर्गवारी करायला पूर्ण दिवस लागतो आणि ती घाईने करता येत नाही. डोळे थकले की सर्वांत आधी लहान व फिकट रंगाचे प्राणी सुटतात, आणि नेमके तेच संख्येने जास्त असतात.

ओळख पटवण्याचे काम सूक्ष्मदर्शकाखाली चालते. मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय हे दोन वेगळे कीटक, प्रौढपणी उडणारे पण पिल्लूपणी पाण्यात राहणारे. मेफ्लायचे पिल्लू आणि स्टोनफ्लायचे पिल्लू सुरुवातीला सारखेच वाटते. मग पायाच्या टोकाकडे बघायची सवय लागते: मेफ्लायच्या पायाला एकच नखी, स्टोनफ्लायला दोन. मेफ्लायचे कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे असतात, आपल्याकडे मिळणाऱ्या स्टोनफ्लायचे छातीच्या खालच्या बाजूला झुपक्यांसारखे. शेपटीच्या दोऱ्यांवर मात्र विसंबून राहता येत नाही, कारण मेफ्लायला बहुधा तीन असल्या तरी काहींना दोनच असतात आणि नमुना घासताना एखादी तुटलेलीही असते. कॅडिसफ्लाय या तिसऱ्या कीटकाच्या, पाण्यात जाळी किंवा घर बांधणाऱ्या अळ्यांनी मला सर्वांत जास्त वेळ खिळवून ठेवले. त्यांतली हायड्रोसायकिडी कुळातली अळी दोन गोट्यांच्या फटीत रेशमाची जाळी विणते, तिचे तोंड प्रवाहाकडे ठेवते आणि जाळीत अडकेल ते खाते. हेलिकोसायकिडी कुळातली अळी वाळूचे कण जोडून गोगलगायीच्या शंखासारखे वळणदार घर बांधते. ते घर इतके हुबेहूब असते, की १८३४ मध्ये आयझॅक ली या अमेरिकी शंखतज्ज्ञाने त्याचे वर्णन गोगलगायीची नवी जात म्हणून केले होते. सूक्ष्मदर्शकाखाली ते घर फोडले की आतून सहा पायांची अळी निघते.

जातीपर्यंत ओळख फार थोड्या प्राण्यांची होते, आणि हे आपल्याकडच्या अभ्यासाचे मोठे उणेपण मी मानते. कीटकांच्या जातींची वर्णने बहुधा उडणाऱ्या प्रौढांवरून केलेली असतात आणि कोणती अळी कोणत्या प्रौढाची हे जुळवायचे तर अळी जिवंत ठेवून तिचा प्रौढ होईपर्यंत सांभाळ करावा लागतो. दक्षिणेकडच्या पश्चिम घाटातल्या मेफ्लायवर मदुराईच्या संशोधकांनी हे काम चिकाटीने केले आहे. उत्तर सह्याद्रीत त्या तोडीचे काम अजून व्हायचे आहे. बंगळुरूच्या 'एट्री' या संस्थेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेली जलीय कीटकांची मार्गदर्शिका मी हाताशी ठेवत असे, आणि तिच्या आधाराने कुळापर्यंत खात्रीने पोहोचता येते. ऋतूंचे मोठे चित्र पाहायला कुळाची पातळी पुरते, पण एकाच कुळातली एक जात जाऊन दुसरी आली असेल तर ते या पातळीवर दिसत नाही, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

नमुने घ्यायला सुरुवात थंडीत झाली. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात नदी भरपूर वाहती असते, पाणी निवळशंख असते, आणि गोट्यांवर हलके, हाताला जेमतेम जाणवणारे शेवाळ धरलेले असते. या दिवसांत एकेक गोटा म्हणजे पूर्ण वस्ती असते. वरच्या बाजूला, जिथे पाणी थेट आदळते, तिथे सिम्युलिडी कुळातल्या काळ्या माश्यांच्या अळ्या रेशमाच्या गादीवर शेपटीकडचे आकडे रोवून उभ्या असतात आणि तोंडाजवळचे दोन पंखे उघडून पाणी गाळत असतात. बाजूंना हेप्टाजेनिइडी कुळातल्या मेफ्लायची चपटी पिल्ले. त्यांना बोट लावायला गेले की ती खेकड्याच्या चालीने तिरपी सरकून पलीकडच्या बाजूला जातात. खालच्या बाजूला जुन्या पैशाएवढी एक तपकिरी चकती घट्ट चिकटलेली असते. ती सेफेनिडी कुळातल्या भुंगेऱ्याची अळी, आणि तिचे डोके, पाय व कल्ले सगळे त्या चकतीच्या छपराखाली असते. गोट्याखालच्या खडीत स्टोनफ्लायचे पिल्लू शिकारीच्या शोधात फिरत असते. पश्चिम घाटात स्टोनफ्लायच्या जाती हिमालयाच्या तुलनेत फारच थोड्या, आणि मिळतात त्या मुख्यतः पर्लिडी या एकाच कुळातल्या, त्यामुळे वरच्या जागी तो प्रत्येक वेळी मिळणे ही माझ्यासाठी महत्त्वाची नोंद होती.

संख्या आणि विविधता या दोन्हींचा कळस याच काळात होता. त्याची कारणे एकत्रच काम करतात: तळ हलत नाही, पाणी थंड असल्याने प्राणवायू भरपूर असतो, सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचत असल्याने शेवाळ वाढते, आणि पावसाळ्यानंतर घातलेल्या अंड्यांतून आलेली पिढी वाढून जाळीत अडकण्याएवढी मोठी झालेली असते. गढवाल हिमालयातल्या नद्यांवर झालेल्या अभ्यासांतही हिवाळ्यात सर्वाधिक आणि पावसाळ्यात सर्वांत कमी संख्या असेच चित्र वारंवार आले आहे. तिथे पावसात बर्फाच्या वितळपाण्याची भर पडते, इथे पाऊस एकटाच ते काम करतो.

मार्चपासून चित्र हळूहळू पालटते. खळाळ अरुंद होतात, मग काही जागी पाण्याचा धागा तेवढा उरतो, आणि मेच्या मध्यावर माझ्या तिसऱ्या जागी दोन डोहांमधला प्रवाह पूर्ण तुटला. उघड्या पडलेल्या गोट्यांवर शेवाळ वाळून पापुद्रे सुटतात. वाहत्या पाण्यावाचून ज्यांचे चालत नाही, ते प्राणी आधी जातात: सिम्युलिडी, मग जाळी विणणाऱ्या कॅडिसफ्लाय, मग हेप्टाजेनिइडी. त्यातले बरेचसे मरत नाहीत. ते प्रौढ होऊन उडून गेलेले असतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये पाण्याबाहेर आलेल्या दगडांवर त्यांच्या रिकाम्या काती रांगेने चिकटलेल्या दिसतात. त्यांची जागा डोहातले प्राणी घेतात. मेलॅनॉइडिस वंशाच्या उंच, टोकदार शंखाच्या गोगलगायी गाळावर दाटीने पसरतात. यांच्यात नराशिवायही प्रजनन होत असल्याने थोड्या माद्यांपासून मोठी संख्या उभी राहते. वाळूत गोम्फिडी कुळातल्या चतुरांची पिल्ले स्वतःला पुरून घेऊन बसतात. गाळात कायरोनोमिडी कुळातल्या लाल अळ्या वाढतात. त्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असल्याने कमी प्राणवायूत त्या तग धरतात.

वरच्या सावलीतल्या जागी मात्र उन्हाळा वेगळा होता. तिथे प्रवाह तुटला नाही, पाणी फार तापले नाही, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गळलेल्या पानांचे थर कपारींत साठले. त्या पानांच्या थरात पानाचे चौकोनी तुकडे कापून घर करणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या आणि लहान खेकडे मिळाले. एकच नदी, एकच महिना, आणि काही किलोमीटरांच्या अंतरात दोन वेगळे समुदाय. मधे फरक झाडांच्या सावलीचा. काठावरची झाडे तोडून पात्र 'स्वच्छ' करण्याच्या कल्पनेला माझा विरोध आहे, तो या पाहण्यातून आलेला आहे.

मग पाऊस. याविषयी पुस्तकात बरेच वाचले होते, पण सर्वांत उपयोगी माहिती दुसऱ्या जागेजवळ शेत असलेल्या एका आजोबांनी दिली. मी जूनमध्ये खुणेचे दगड रंगवत होते तेव्हा ते म्हणाले, "ताई, ह्ये रंगाचं गोटं काय ऱ्हात न्हाईत बगा. पुराच्या रातीला हितं गोटं गडगडत्यात, घरापतुर आवाज येतोय." रात्रभर ऐकू येणारा तो गडगडाट म्हणजेच माझ्या अभ्यासाचा गाभा होता. पाण्याचा वेग दुप्पट झाला की वस्तूवरचा जोर साधारण चौपट होतो. पुराच्या ठरावीक पातळीनंतर वाळूच नव्हे तर माणसाच्या डोक्याएवढे गोटेही जागचे हलतात, एकमेकांवर घासतात, आणि त्यांच्यावरचे शेवाळ, जाळी, घरे, अंडी सगळे खरवडून निघते. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. अशा एका पावसाने दरीतल्या ओढ्यांची पात्रे सरकतात, तिथे अर्ध्या इंचाच्या अळीने टिकावे कसे?

पावसाळ्यात मुख्य प्रवाहात उतरणे शक्य नव्हते आणि तसा प्रयत्न कोणी करू नये. झड थांबून दोन-तीन दिवस उघडीप मिळाली, पाणी गुडघ्याखाली आले आणि काठावर दोर धरायला कोणी सोबत असेल, तरच काठालगतच्या खळाळात नमुना घेतला. त्यामुळे पावसाळ्याचे माझे आकडे काठाचे आहेत, पात्राच्या मध्याचे नाहीत, आणि मध्यात परिस्थिती याहून बिकट असणार हे उघड आहे. जाळीत बहुतेक वेळा लालसर गाळ, झिजलेली पाने आणि अगदी थोडे प्राणी येत. हिवाळ्यात ज्या चौकटीत शेकड्यांनी प्राणी मिळत, तिथे आता बोटांवर मोजण्याएवढे.

त्या थोड्यांमध्ये कोण आहे, हे मात्र नीट पाहण्यासारखे होते. बेटिडी कुळातली मेफ्लायची पिल्ले जवळजवळ नेहमी असत. निमुळते शरीर, पोहण्याचा वेग, आणि उष्ण प्रदेशात काही आठवड्यांत पुरी होणारी वाढ, यामुळे दोन पुरांच्या मधल्या उघडिपीतही त्यांची पिढी पुढे सरकते. हलू न शकणाऱ्या मोठ्या कातळांवर ब्लेफारिसेरिडी कुळातल्या अळ्या मिळाल्या. त्यांच्या पोटाखाली ओळीने सहा चूषके असतात आणि भर धारेतही त्या खडकाला धरून राहतात. बाकीचे कुठे जातात? काही वाहून जातात, हे निश्चित. पुराच्या पाण्यात आडवी धरलेली जाळी त्याची साक्ष देते. काही खडीच्या आत, तळाखाली काही वीत खोल शिरतात, जिथे गोट्यांमधल्या फटींतून पाणी मंद वाहत असते. उघडिपीत हाताने खोल उकरले की लहान पिल्ले तिथे सापडतात. काही अंड्याच्या अवस्थेत असतात. आणि काही मुळी पाण्यातच नसतात, ते काठावरच्या झाडीत प्रौढ होऊन बसलेले असतात. जे वाहून गेले त्यांची भरपाई हेच करतात: माद्या प्रवाहाच्या वरच्या दिशेला उडत जाऊन अंडी घालतात, हा विचार स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कार्ल म्यूलर यांनी १९५४ मध्ये मांडला होता. आपल्याकडे वळगणीचे मासे पहिल्या पावसात वर चढतात हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. कीटकांची ही चढण हवेतून होते आणि ती कोणाच्या नजरेत भरत नाही.

सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ मला सर्वांत आवडला, कारण तेव्हा समुदाय पुन्हा कसा उभा राहतो हे टप्प्याटप्प्याने पाहता येते. गोटे धुऊन स्वच्छ झालेले असतात. त्यांवर आधी सिम्युलिडी आणि बेटिडी येतात. सिम्युलिडीच्या अळीला घट्ट धरायला गुळगुळीत, शेवाळ नसलेला पृष्ठभागच सोयीचा असतो, त्यामुळे पुराने खरवडलेला गोटा तिच्यासाठी मोकळी जागा ठरतो. मग बारीक शेवाळाचा थर धरतो आणि तो खरवडून खाणारी हेप्टाजेनिइडीची पिल्ले दिसू लागतात. कॅडिसफ्लायच्या जाळ्या त्यानंतर, प्रवाहाचा जोर स्थिर झाल्यावर. रोज पातळी बदलत असताना जाळी विणून उपयोग नसतो. शिकारी स्टोनफ्लाय आणि सेफेनिडी सर्वांत शेवटी. परतीचा जोराचा पाऊस आला की हा क्रम काही पावले मागे जातो आणि पुन्हा तिथून सुरू होतो. महाबळेश्वर परिसरात स्ट्रॉबेरीची लागवड याच सुमारास, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. नव्याने उकरलेल्या जमिनीवर परतीचा पाऊस पडला तर माती ओढ्यात येते. गोट्यांमधल्या फटी बारीक मातीने भरल्या की पुराच्या वेळी लपायची जागाच बुजते. म्हणून गाळाची नोंद या दिवसांत प्राणवायूच्या नोंदीइतकीच काळजीने घ्यावी, असे मी सांगेन.

आकडेमोड करताना सुरुवातीची शंका खरी ठरली, पण मला वाटले होते त्याहून गुंतागुंतीच्या रीतीने. पावसाळ्यात बीएमडब्ल्यूपीतल्या कुळांच्या गुणांची एकूण बेरीज कोसळते, कारण कुळेच कमी मिळतात. कोणी फक्त ही बेरीज पाहील तर ऑगस्टमधली वेण्णा घाणेरडी आहे असा निष्कर्ष काढील. पण बेरजेला कुळांच्या संख्येने भागून सरासरी काढली की ती वरच्या जागी फारशी घसरत नाही, कारण उरलेल्या थोड्या कुळांत स्वच्छ पाण्यातलीच कुळे बरीच असतात. उन्हाळ्यात उलटे होते. डोहातले प्राणी भरीला आल्याने कुळांची संख्या चांगली दिसते, बेरीजही समाधानकारक येते, पण सरासरी खाली येते. पर्लिडी आणि हेप्टाजेनिइडी यांना प्रत्येकी १० गुण, तर कायरोनोमिडीला २ आणि कृमींना १. शॅननचा विविधता निर्देशांक यातले काहीच स्वतंत्रपणे सांगत नाही. कोणती कुळे आहेत हे त्याला ठाऊक नसते, फक्त किती आहेत आणि त्यांची वाटणी कशी आहे एवढेच त्याला कळते. शिवाय थोडे प्राणी मिळाले की कुळेही थोडीच मिळणार, हा निव्वळ गणिताचा परिणाम असतो. म्हणून सगळ्या नमुन्यांतून सारख्याच संख्येने प्राणी निवडले असते तर किती कुळे मिळाली असती, असा हिशेब करून मगच ऋतूंची तुलना केली. तो हिशेब केल्यावर पावसाळ्याची गरिबी बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही.

यातून माझे मत असे बनले, की डोंगरी नदीचा वर्षातून एकदाच घेतलेला नमुना तिच्या प्रकृतीविषयी काहीच विश्वासार्ह सांगत नाही. फेब्रुवारीतला नमुना फेब्रुवारीशीच ताडायला हवा, आणि तोही त्याच अधिवासातला. ब्रिटनमध्ये नद्यांचे मूल्यमापन करणारी 'रिव्हपॅक्स' ही प्रणाली वसंत, ग्रीष्म आणि शरद अशा तीन ऋतूंचे नमुने विचारात घेते. तिथे ऋतूंमधला फरक आपल्या मानाने सौम्य असूनही. आपल्या नद्यांसाठी हे ऋतू जसेच्या तसे उचलून चालणार नाही. आपला खरा दुभाजक पूर आहे, आणि म्हणून तारखेपेक्षा शेवटच्या मोठ्या पुरापासून किती दिवस गेले हे नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. ज्या वर्षी पाऊस ऑक्टोबरअखेरपर्यंत रेंगाळतो, त्या वर्षीचा नोव्हेंबर आणि सप्टेंबरमध्येच उघडलेल्या वर्षाचा नोव्हेंबर हे तळावरच्या प्राण्यांसाठी दोन वेगळे महिने असतात.

पुढच्या फेरीसाठी पद्धतीत बदल केला आहे. मोठा पूर ओसरून किमान तीन आठवडे उलटल्यावरचा एक नमुना, जानेवारी-फेब्रुवारीतला एक आणि प्रवाह तुटण्याआधी एप्रिलमधला एक, असे तीन टप्पे सर्व जागी सारखे ठेवले आहेत. पावसाळ्यासाठी जाळी सोडून तारेच्या टोपल्या वापरते आहे. पात्रातल्याच गोट्यांनी भरलेल्या टोपल्या मेअखेरीस काठालगतच्या मोठ्या धोंड्यांना बांधून तळात बसवायच्या, आणि उघडिपीत एकेक काढायची. टोपलीच्या आतले गोटे पुरात घासले जात नाहीत, त्यामुळे नैसर्गिक तळापेक्षा त्यांत प्राणी जास्त मिळणार हे गृहीत धरूनच त्यांचे आकडे वेगळ्या तक्त्यात लिहायचे. प्रत्येक जागी निम्म्या टोपल्या तळाच्या पातळीवर आणि निम्म्या एक वीत खोल पुरलेल्या आहेत. पुराच्या आधी व नंतर या दोन्हींतल्या प्राण्यांची तुलना केली, की किती जण खडीत उतरून वाचतात आणि किती वाहून जातात हे वेण्णेपुरते तरी वेगळे काढता येईल.